परगांवची पंगत

परगांवीं गेलेल्या मनुष्याची विद्वत्ता मध्यान्हापर्यंतच टिकते. सकाळीं तो शिल्पें न्याहाळतो, राजांच्या वंशावळी घोकतो. पण पोटांत भूक उठली कीं त्याच्या साऱ्या जिज्ञासेचा एकच प्रश्न होऊन बसतो : जेवावें कोठें? गेल्या वर्षीं मे महिन्यांत स्पेनमधील सेव्हिल शहरीं आम्ही चार दिवस राहिलों, तेव्हां या प्रश्नानें आम्हांला चांगलेंच छळलें.

बरोबर आमचे वडील होते. अण्णांनीं जन्मभर शाळेंत इतिहास शिकविला. स्पेनच्या अमेरिकेंतील साम्राज्याचें दप्तर ज्या वास्तूंत १७८५ पासून जपून ठेवलें आहे, ती 'आर्चिवो दे इंदियास' एकदां डोळ्यांनीं पाहावी ही त्यांची जुनी इच्छा. परंतु आमचा हेतु निराळा होता. आदल्या वर्षीं आई वारली. तिच्या हयातींत अण्णा ताटांतल्या प्रत्येक पदार्थाला नांवें ठेवीत आणि तोच पुन्हां वाढून घेत. ती गेल्यापासून त्यांनीं तक्रार करणेंच सोडलें. पुढें येईल त्यांतले चार घांस मुकाट्यानें खात व उठत. 'आमटींत मीठ कमी आहे' एवढें तरी ते एकदां म्हणतील, म्हणून आम्ही उभयतां कान टवकारून बसत असूं. जागा बदलली तर भूकही पालटेल, अशी आमची वेडी आशा होती.

निघण्यापूर्वीं उत्तम भोजनगृहांची यादी आम्हीं केली होती. पहिल्या दिवशीं बारा वाजतां ती घेऊन निघालों, तों सगळ्यांचीं दारें बंद. उघडीं होतीं तीं कॅथीड्रलच्या सावलींतलीं; दारांत पदार्थांच्या रंगीत चित्रांचे फलक आणि येणाराजाणाराला आग्रहानें आंत ओढणारा नोकर. अशाच एका ठिकाणीं बसून 'मांस नको' असें आम्हीं बजावलें. टोमॅटो व पाव घोटून केलेलें 'सालमोरेखो' नांवाचें थंडगार दाट सार आलें, आणि त्यावर डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे पसरलेले ! त्या भल्या माणसाच्या मतें तें मांसांत मोडत नव्हतें. अण्णांनीं वाडगें हळूच दूर सारलें आणि कोरडा पाव खाल्ला. एक शब्द बोलले नाहींत. ती शांतता आम्हांला त्या तुकड्यांहून अधिक बोंचली.

दुसऱ्या दिवशीं कोडें उलगडलें, तें अण्णांमुळें. दीड वाजला असतां ते चौकांत थांबले, स्वतःच्या पायांपाशीं पाहिलें आणि म्हणाले, "अजून मध्यान्ह झालेली नाहीं रे !" खरेंच होतें. सेव्हिल लंडनच्याही पश्चिमेस. पण १९४० सालीं स्पेननें आपलें घड्याळ मध्य युरोपाशीं जुळवून एक तास पुढें केलें, तें आजतागायत तसेंच आहे. त्यांत उन्हाळ्याचा आणखी एक तास. त्यामुळें मे महिन्यांत तेथें सूर्य माथ्यावर येतो तो दोन वाजून गेल्यावर. म्हणजे अडीचला जेवणारे ते लोक उशीरां जेवत नाहींत. सूर्याच्या हिशेबानें ते वेळेवरच जेवतात. अवेळीं जेवायला निघालों होतों ते आम्ही.

मग यादी खिशांत ठेवली आणि नदीवरील पूल ओलांडून त्रियाना या जुन्या वस्तींत गेलों. तेथें अडीचच्या सुमारास एका बोळांतून भांड्यांचा व बोलण्याचा गलका ऐकूं आला. आंत कामाच्या कपड्यांतले मजूर, कचेरींतले लोक आणि नातवंडांना घेऊन आलेल्या आज्या. चित्रांचा फलक नव्हता. पाटीवर खडूनें, फक्त स्पॅनिश भाषेंत, त्या दिवसाचें जेवण लिहिलें होतें : दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटीं गोड, सर्वांची मिळून एकच किंमत. 'सिन् खामोन्', म्हणजे खारवलेलें मांस न घालतां, हे दोन शब्द आम्हीं आतां पाठ केले होते. वाढणाऱ्या बाईंनीं मान डोलावली आणि मातीच्या वाडग्यांत 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' आणून ठेवलें. पालक व काबुली हरभरे, तळलेला पाव वाटून आणलेला दाटपणा, लसूण, जिरें, लाल तिखट, वर ऑलिव्हचें तेल.

अण्णांनीं पहिला घांस घेतला, थांबले आणि कपाळाला आठी घालून म्हणाले, "जिरें फार झालें आहे. तुझ्या आईच्या पातळ भाजींत असें कधीं होत नसे."

आम्ही दोघेंही खालीं पाहूं लागलों. अण्णा मात्र पावानें वाडगें पुसून घेत होते. बाई जवळून जातांच त्यांनीं तें रिकामें वाडगें पुढें केलें. दुसरें वाडगें संपेपर्यंत त्यांचा तासही रंगला : मिरची व बटाटा मूळचे अमेरिकेचे, कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ते युरोपांत आले, मिरची पोर्तुगीजांनीं गोव्याला आणली, आणि आपला 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. वर्षभरांत इतकें ते एका दमांत बोलले नव्हते.

उरलेल्या दोन दिवसांत यादीचें काम पडलें नाहीं. १६७० पासून चालत आलेल्या 'एल् रिंकोन्सिलो'मध्यें, जेथें हिशेब खडूनें लांकडी फळीवरच मांडतात, तीच भाजी पुन्हां मागविली. डोक्यावर मांसाचे मोठाले तंगडे टांगलेले असतांही अण्णांनीं ती चवीनें खाल्ली, आणि त्रियानाची अधिक बरी होती असा निकाल दिला.

परमुलखांत चांगलें जेवण कोठें मिळतें, असें आतां कोणी विचारलें, तर आम्ही एवढेंच सांगतों : तेथले लोक ज्या वेळीं जेवतात त्या वेळीं भूक लागूं द्यावी, आणि ते जेथें आपल्या म्हाताऱ्यांना व मुलांना घेऊन बसतात तेथें बसावें. घरीं परतल्यावर पहिल्याच दिवशीं आमटींत मीठ कमी असल्याची तक्रार झाली. आम्हीं ती आनंदानें ऐकून घेतली.