गव्हाएवढे पुढे, तांदळाएवढे मागे

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठी असलेल्या मोठ्या नंदीविषयी अशी लोकसमजूत आहे की, तो दररोज गव्हाच्या दाण्याएवढा तलावाच्या दिशेने पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो, व ज्या दिवशी तो पाण्याला टेकेल त्या दिवशी प्रलय होईल. या हिशेबात तांदूळ कोणता धरायचा हे मात्र कोणी सांगून ठेवलेले नाही. याच जिल्ह्यातल्या आजऱ्याचा घनसाळ, म्हणजे आखूड दाण्याचा सुवासिक तांदूळ, मोजमापाला घेतला तर नंदी पाण्याकडे चालला आहे असे म्हणता येईल. पण लांब दाण्याचा बासमती घेतला तर तो रोज थोडा थोडा तलावापासून दूर जात असला पाहिजे. प्रौढ माणसाला ही शंका सहसा सुचत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला ती पहिल्याच ऐकण्यात सुचू शकते.

लहान मुले असलेल्या घरातले दिवस याच मापाने सरकतात. सकाळी बुटाची नाडी बांधण्यात पाव तास जातो, दुपारी कालचीच गोष्ट कालच्याच शब्दांत सांगावी लागते, एखादा शब्द बदलला तर चूक दाखवून दिली जाते, आणि रात्री अंथरुणावर हिशेब केला तर दिवसभरात नेमके काय झाले हे सांगता येत नाही. मराठीत सणाला, व्रताला, तिथीला, सोयर-सुतकालासुद्धा नाव आहे. मात्र घरात सर्वजण बरे होते, वेळेवर जेवले आणि वेळेवर झोपले, अशा दिवसाला नाव नाही. कोणी विचारलेच तर ‘काही विशेष नाही’ एवढेच त्याच्याविषयी बोलले जाते, आणि या उत्तरात किती सुख असते ते बोलणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

अशा बिननावाच्या दिवसांना कोल्हापूर शहरात चांगली जागा मिळाली आहे. हे शहर पेठांचे, तालमींचे आणि तिकट्यांचे आहे. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा आणि त्याभोवती जमलेले गल्लीचे मंडळ, तर तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, आणि या दोन्ही ठिकाणी काम नसतानाही थांबण्याची मुभा असते. गंगावेशीतला दुधाचा कट्टा हे याचे उत्तम उदाहरण होय. तेथे म्हशी आणून बांधतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळते, कोमट दूध पेल्यात देतात. अशा ताज्या, न तापवलेल्या दुधाला धारोष्ण म्हणतात. मूळ गिऱ्हाईक अर्थातच पैलवान, पण आजोबांचे बोट धरून आलेल्या मुलालाही तेथे तेवढाच मान असतो. मोठ्यांना सर्व म्हशी सारख्याच काळ्या दिसतात, मुलाला मात्र एक शिंग वाकडे असलेली नेमकी ओळखता येते, आणि ती दिसली नाही तर ‘ती कुठं गेली?’ या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पेला तोंडाला लागत नाही. पैलवानाला दूध हवे असते, मुलाला ती म्हैस हवी असते.

संध्याकाळी रंकाळ्यावर हेच दृश्य अधिक विस्ताराने दिसते. एका बाजूला शालिनी पॅलेसची आकृती पाण्यावर लांबत जाते, भेळेच्या गाड्यांवर चिरमुऱ्यांचा आवाज चालू होतो, तिखट कमी घालण्याची सूचना दिली जाते आणि तरीही नाक वाहू लागते. यातले काहीही नवे नसते; नवे नसणे हाच त्यातला मुख्य गुण आहे, कारण लहान मुलाचा आनंद ओळखीच्या गोष्टी पुन्हा जागेवर सापडण्यात असतो, आणि त्यांचा कंटाळा येण्याचे वय अजून दूर असते.

या शहराला दुर्मीळ दिवसांचेही अप्रूप आहे. महालक्ष्मीच्या, म्हणजे अंबाबाईच्या, मंदिरात 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणे पश्चिमेच्या दारातून गाभाऱ्यापर्यंत जातात, पहिल्या दिवशी देवीचे चरण व पुढच्या दिवसांत वरचा भाग उजळतो, अशी किरणोत्सवाची परंपरा आहे. त्या सहा संध्याकाळी ढग आला तरी शहर हळहळते. उरलेल्या साडेतीनशेहून अधिक संध्याकाळी सूर्य तसाच मावळतो, कोणी वाट पाहत नाही, आणि गर्दी नसल्यामुळे अंगणातल्या दगडी फरशीच्या रेघा न तुडवता चालण्याचा खेळ मुलांना निर्वेधपणे खेळता येतो. मुलांच्या बाजूने पाहिले तर दर्शनाला हेच दिवस अधिक सोयीचे.

शिक्षणाच्या क्षेत्रात या साधेपणाचे मोल कोल्हापुरातच ओळखले गेले. ना. सी. फडके यांच्या कन्या लीला पाटील यांनी 1985 मध्ये येथे सृजन आनंद विद्यालय सुरू केले, आणि आनंद हे अभ्यास संपल्यावरचे बक्षीस मानण्याऐवजी तो शिकण्याच्या आतच असला पाहिजे, या विचाराने परिसरातल्या रोजच्या अनुभवांना वर्गात जागा दिली. हा विचार मोठाच होता. पण पालकांच्या हाती पडल्यावर त्याचे कधी कधी विपरीत होते, हेही नोंदवले पाहिजे. भेळेवरून गणित, बदकांवरून विज्ञान आणि म्हशीवरून भाषा शिकवली जाऊ लागली की रंकाळ्याचा अभ्यासक्रम होतो आणि मूल मुकाट्याने बदकांकडे पाठ फिरवते.

साध्या दिवसाची किंमत या शहराला आकड्यांत कळते, ती पावसाळ्यात. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजली जाते; तेथे 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी होय. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या पुढे गेले, 2021 च्या जुलैत पुन्हा महापूर आला, आणि नदीकाठच्या अनेक कुटुंबांना मुलांसह घर सोडावे लागले. तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये घराघरांत सकाळी पहिला प्रश्न ‘किती फूट?’ हा असतो. एरवी उंची मोजण्यासाठी दारामागे पेन्सिलीने ओढलेल्या रेघांतून ‘फूट’ हा शब्द शिकलेल्या मुलाला तो नदीचाही असतो हे त्या दिवसांत कळते. पाणी उतरले, इशारा पातळीच्या खाली गेले, भिंतीवरचा गाळ धुऊन काढला की पुन्हा काही विशेष नसलेले दिवस सुरू होतात, आणि आठवडाभर तरी मोठी माणसे त्यांच्याकडे थोड्या आदराने पाहतात. पुढे तेही विसरतात. तसे विसरता येणे हे पूर ओसरल्याचेच लक्षण मानायला हरकत नाही.

नंदीपुढे मात्र मुलांचे संशोधन चालू राहते. तो खरोखर सरकतो की नाही हे पाहण्यासाठी गुडघ्याला टेकवून एक खडा ठेवला जातो, उद्या येऊन तपासायचे असे गंभीरपणे ठरते, आणि उद्या आल्यावर भेळेची गाडी आधी लागते.