अर्धी गोड, अर्धी खारी

लोणारच्या तळ्याकाठी, कमळजादेवीच्या देवळाजवळ एक विहीर आहे. तिला सासू-सुनेची विहीर म्हणतात. एका अंगाचं पाणी गोड, दुसऱ्या अंगाचं खारट, आणि मधे भिंत नाही, असं तिथली माणसं सांगतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याला नात्यांची जाण मोठी होती. दोन चवींना त्याने बहिणी-बहिणी म्हटलं नाही, की वैरिणीही म्हटलं नाही. एका घरात राहणं सुटत नाही आणि एकमेकींत विरघळणंही होत नाही, अशी जोडी त्याने निवडली. 2004 साली आलेला ‘क्रॅश ट्विनसॅनिटी’ हा व्हिडिओ गेम या विहिरीशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे.

ब्रिटनच्या ट्रॅव्हलर्स टेल्स कंपनीने तो बनवला. क्रॅश हा त्यातला नायक, एक बँडिकूट. हा शब्द मुळात तेलुगू ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुक्कर-उंदीर. आपण शेताच्या बांधात बिळं करणाऱ्या ज्या प्राण्याला घूस म्हणतो, त्याचं हे नाव. इंग्रजांनी ते उचललं आणि पुढे ते ऑस्ट्रेलियातल्या एका पिशवीवाल्या प्राण्याला चिकटलं. नाव इथलं आणि अंग तिकडचं, अशी क्रॅशची घडण आहे. डॉक्टर कॉर्टेक्स हा त्याचा वैरी, आणि त्याचा जन्मदाताही: 1996 च्या पहिल्या खेळापासूनची कथा अशी, की कॉर्टेक्सने आपल्या फौजेसाठी घडवलेला हा प्राणी प्रयोग फसल्यामुळे हातातून निसटला. ‘ट्विनसॅनिटी’त दोन दुष्ट पोपट दोघांच्याही मुळावर उठतात, आणि हे वैरी एका वाटेला लागतात. पण ते शहाण्यासारखे हात मिळवत नाहीत. गुहेत एका स्फटिकावरून त्यांची जुंपते, एकमेकांना धरून ते गोळा होतात आणि गडगडत सुटतात. खेळणाऱ्याने तो अख्खा गोळाच हाकायचा. बर्फाच्या उतारावर क्रॅश कॉर्टेक्सच्या अंगावर उभा राहून घसरत जातो. क्रॅशला बोलता येत नाही, कॉर्टेक्सचं तोंड थांबत नाही. या खेळाचं सगळं हसू इथून येतं, आणि माझं म्हणणं असं, की त्याचा जिव्हाळाही इथूनच येतो. वैर मिटतं म्हणून ही जोडी जमत नाही. ते मिटत नाही, म्हणूनच ती जोडी राहते.

हे लोणारला फार पूर्वी उमगलेलं आहे. तिथली कथा लवणासुराची. तो जमिनीखाली दडून राही. विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेतलं, दैत्याच्या बहिणींकडून ठिकाण काढून घेतलं, पायाच्या अंगठ्याने झाकण उडवलं आणि त्याला मारलं. तळ्याचं पाणी म्हणजे त्या दैत्याचं रक्त. विज्ञान म्हणतं, बेसाल्ट खडकात उल्का आदळून सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं हे विवर झालं. मला दोन्ही हकिकती हव्याशा वाटतात, कारण दोन्हींत खोल घाव आहे आणि घाव घालणारा तिथेच मुरून गेला आहे. जिंकला विष्णू, पण गावाने नाव घेतलं लवणासुराचं. आणि देवाचं? तारकाकृती मांडणीच्या त्या सुंदर देवळात उभा असलेला विष्णू ‘दैत्यसूदन’ या नावाने ओळखला जातो. त्या नावातून दैत्य काढा, मागे काय उरतं? विवराच्या काठावर गोमुखातून गोड्या पाण्याची धार अखंड पडते, खाली खारं तळं पसरलेलं. जेजुरीलाही असंच: मल्ल दैत्य मरता मरता आपलं नाव देवाच्या नावाआधी मागून घेतो म्हणून खंडोबा मल्हारी होतो, आणि दुसरा दैत्य मणी देवाजवळ जागा मागून घेतो. आपल्या लोकांनी हरलेल्याला हाकलून दिलं नाही. भंडारा उधळताना त्याचंही नाव ओठांवर येऊ दिलं.

कुणी म्हणेल, समान संकट आलं की वैरीही एकत्र येतात, यात नवल काय? पण हा खेळ ते उत्तर स्वतःच खोडतो. पोपटांचा निकाल लागताच कॉर्टेक्स क्रॅशला कायमचं घालवायला निघतो. संकट संपलं, बांधलेपण संपलं नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ज्याला फळीसारखं पायाखाली घेतलं त्याच्याशी कसली जोडी? ही तर निव्वळ मानहानी. याचं उत्तर खेळाच्या रचनेत सापडतं. काही टप्प्यांवर खेळणाऱ्याला कॉर्टेक्स म्हणूनच चालावं लागतं. ज्याला आत्तापर्यंत आपटलं, त्याच्याच अंगाने दरीवरून उडी घ्यायची आणि त्याचा जीव वाचावा म्हणून बोटं घट्ट धरायची. कादंबरी खलनायकाची बाजू समजावून देते. इथे ती हातांना पेलावी लागते. लोणारची कथा गंभीर आणि हा खेळ विनोदी, म्हणून तुलना गैर, असंही म्हणता येईल. पण सासू-सुनेचं नाव ठेवणारा माणूस नक्की हसला असणार, आणि त्याने पाण्याविषयी खोटं काही सांगितलं नाही.

खेळाचा शेवट मला सर्वांत आवडतो. कॉर्टेक्सचं यंत्र उलटतं आणि क्रॅशला घालवण्याऐवजी तो स्वतःच क्रॅशच्या डोक्यात जाऊन पडतो. तिथे असंख्य क्रॅश नाचत असतात, आणि त्यांच्यामध्ये तो एकटा ओरडत राहतो. लोणारला तळं चढलं की सासू-सुनेची विहीर खाऱ्या पाण्याखाली जाते, आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की तिचे काठचे दगड पुन्हा दिसू लागतात.