तिचा सूर

यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये ती हमखास भेटते. एचएमटीची जुनी मिलिंग मशीन. अंगावरचा रंग ठिकठिकाणी उडालेला, पण रोज हात लागतो ती हँडलं लख्ख. दिवाळीच्या सुमारास जिनिंगचा हंगाम लागला की तिला उसंत नसते. कुठल्या शाफ्टला की-वे पाडायचा असतो, कुठली झिजलेली प्लेट सपाट करायची असते.

ती कष्टाळू आहे. बेताचा कट दिला की एका सुरात घुमत राहते. कट थोडा खोल गेला की मात्र अचानक किंचाळते. कटर थरथरतो, जॉबवर लाटा उमटतात, कार्बाइडच्या धारेचा टवका उडतो. “मशीन ओरडून राह्यली, कट कमी घे नं!” मिस्त्री हाक देतात. कट कमी होतो, ती शांत होते. काम मात्र लांबतं.

हा तिचा लहरीपणा नव्हे. कटरचा एक दात जाताना पृष्ठभागावर बारीक लाट ठेवून जातो. मागचा दात ती लाट कापतो. दोघांच्या लाटा जुळल्या नाहीत तर चिपची जाडी कमी-जास्त होते, तसा जोरही बदलतो आणि थरथर स्वतःच स्वतःला वाढवत नेते. फ्रेडरिक टेलर यांनी १९०७ साली हे कोडं कारागिरापुढचं सर्वांत गूढ म्हणून नोंदवलं होतं. टोबायस आणि ट्लुस्टी यांनी १९५०च्या दशकात त्याचं गणित मांडायला घेतलं. मिलिंगसाठीची सुटसुटीत सूत्रं अल्टिन्टास आणि बुडाक यांनी १९९५ मध्ये दिली.

त्या गणितातून निघणारी गोष्ट मिस्त्रींनाही चकित करील. समजा, कटरची स्वतःची कंपनं सेकंदाला ५६० आहेत आणि दात चार. ११२० आरपीएमला दोन दातांच्या मध्ये साडेसात लाटा बसतात. दोन्ही लाटा एकमेकींच्या उलट पडतात आणि मशीन किंचाळते. गती १४०० केली की बरोबर सहा लाटा बसतात, चिप एकसारखी निघते आणि तोच खोल कट निभण्याची शक्यता वाढते. म्हणजे कधी कधी उपाय वेग वाढवण्यात असतो.

कंपनांचा हा आकडा शोधायला कटरच्या टोकाला कंपनमापक चिकटवतात, जोर मोजणाऱ्या लहान हातोडीने टकोरा देतात आणि उत्तर संगणकावर वाचतात. आकडा प्रत्येक मशीनचा वेगळा. होल्डर बदलला, कटर जरा जास्त बाहेर काढला, तरी तो बदलतो. म्हणून पुस्तकातला तक्ता पुरत नाही, तिलाच विचारावं लागतं.

यवतमाळात इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, प्रोजेक्ट शोधणारी मुलं आहेत. त्यांनी उपकरण घेऊन या वर्कशॉपांत यावं, मिस्त्रींच्या कानाशेजारी आपला आलेख ठेवावा आणि प्रत्येक मशीनचे शांत वेग तिच्याच अंगावर रंगवून द्यावेत. ओरडते म्हणून तिला भंगारात काढण्याआधी एवढं तरी तिचं ऐकायलाच हवं.