बिनदाबाची नळी

चि. भाचेबुवांस,

चॅसिसचे फोटो मिळाले, वेल्डिंग नेटकं झालंय. रॉन चॅम्पियनचं 1996 चं पुस्तक वाचून इंग्लंडात कितीतरी हौशी लोकांनी घरच्या गॅरेजात 'लोकॉस्ट' गाड्या उभ्या केल्या, त्यांच्या पंगतीत तुझीही बसणार याचा आनंद आहे. मात्र तुझ्या पत्रातलं एक वाक्य खटकलं. बॉनेटखाली जागा नाही म्हणून ब्रेक ऑइलची बाटली मास्टर सिलिंडरवरून काढून वर बल्कहेडवर लावणार, आणि 'मधली नळी कुठलीही चालेल, तिच्यात दाब थोडाच असतो?' असं तू म्हणतोस. दाब नसतो हे खरं. पण दाब नाही म्हणूनच तिच्याकडे जास्त लक्ष हवं, असं माझं म्हणणं आहे.

ते का, हे मास्टर सिलिंडरच्या आत काय चालतं त्यावरून कळेल. तू पॅडल दाबलंस की पिस्टन पुढे सरकतो, त्याचं सील एक बारीक भोक ओलांडतं आणि बाटलीचा संबंध तुटतो. म्हणजे जोर लावून ब्रेक तपासताना स्टीलचे पाइप, जोड, कॅलिपर या सगळ्यांची परीक्षा होते. वरच्या नळीची होतच नाही. बाटली जवळजवळ रिकामी असली तरी पॅडल दगडासारखं लागू शकतं. नळीचं काम सुरू होतं ते पाय उचलल्यावर. तापून फुगलेलं ऑइल त्या भोकातून वर जातं, आणि पॅड झिजले की तेवढी जागा भरायला वरून ऑइल खाली येतं. ही जागा किरकोळ नसते. समजा पुढच्या कॅलिपरला 54 मिमी व्यासाचा एकच पिस्टन आहे आणि दोन्ही पॅड 10-10 मिमी झिजले. पिस्टन 20 मिमी बाहेर येतो आणि एका चाकाला सुमारे 46 मिलि ऑइल जास्त लागतं. दोन चाकांचं 92. तेवढं ऑइल खाली पोचलं नाही तर मास्टर सिलिंडरचा परतणारा पिस्टन हवा ओढतो, आणि मग एखाद्या उतारावर पॅडल तळाला जातं. त्याआधी कसलीही सूचना मिळत नाही.

आता 'कुठलीही नळी' म्हणजे बहुधा गॅरेजात पडलेली पेट्रोलची नळी. ती सहसा नायट्राइल रबराची असते. पेट्रोल, इंजिन ऑइल यांना ती दाद देत नाही, पण डॉट 4 हे ग्लायकॉल जातीचं ब्रेक ऑइल तिला फुगवतं, मऊ करतं. ब्रेकला ईपीडीएम रबर लागतं, आणि ते उलट पेट्रोलियम तेलात फुगतं. तेव्हा दोन्हींची अदलाबदल करू नकोस. ईपीडीएम मिळालं म्हणून हातभर लांब नळीही नको. रबरातून हवेतला ओलावा हळूहळू आत झिरपतो, आणि ताज्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असला, तरी ओलावा धरलेल्याचा मानकाप्रमाणे 155 इतका खाली येऊ शकतो. नळी बाटलीपासून सिलिंडरपर्यंत सलग उतरती ठेव. मध्ये उंचवटा आला की गच्चीवरच्या टाकीच्या पाइपात हवा धरते तशी इथेही धरेल. एक्झॉस्टपासून लांब ने, आणि प्लॅस्टिकच्या तोटीवर स्क्रूची क्लिप करकचून आवळू नकोस, तोटी तडकते.

तू म्हणशील, रेसच्या गाड्यांत एकाच बाटलीतून टी जोडून पुढच्या-मागच्या दोन्ही सिलिंडरना ऑइल देतात. देत असतील, पण ती गाडी दर शर्यतीआधी कोणीतरी खाली वाकून बघतं. रस्त्यावर दोन सर्किट ठेवायची ती एक गेलं तर दुसरं उरावं म्हणून. टी लावलास की पुढच्या चाकाची गळती मागचंही ऑइल ओढून नेते, मग दोन सर्किटना अर्थ काय राहिला? आतून पडदा असलेली बाटली घे, म्हणजे गळती झाली तरी पडद्यापलीकडचं शिल्लक राहील. पातळी दाखवणारा फ्लोट आणि डॅशबोर्डवर दिवा हेही हवंच. टोपणाचं हवेचं छिद्र बुजलेलं नाही ना, तेही पाहा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आयव्हीएच्या, म्हणजे घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर आणण्याआधीच्या मंजुरीच्या, तपासणीत चूक निघेलच. गळती, सैल जोड, घासणारी नळी हे तपासनिसाला दिसेल. पण त्याच्याकडे एकच दिवस असतो, आणि चुकीचं रबर फुगायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्या दिवशी तुझी नळी नवी, काळी, तुकतुकीत दिसेल.

शक्य असेल तर बॉनेटला फुगा काढून बाटली सिलिंडरवरच राहू दे. गाडी जरा बेढब दिसेल, दिसू दे. ते नाहीच जमलं, तर नळी विकत घेण्याआधी तिच्यावर काय छापलंय ते वाच, आणि काहीच छापलेलं नसेल तर घेऊ नकोस.

तुझा,
मामा