शाबुओथचे ताट

शाबुओथचा सण सिवान महिन्याच्या सहा तारखेस येतो. कोकणात हे दिवस आंबे, फणस व करवंदांचे. इथे इस्राएलात आंबा अजून झाडावर हिरवाच असतो. पण जर्दाळू आणि चेरी बाजारात आलेली असतात व कलिंगडांच्या राशी लागलेल्या असतात. अशा उन्हाळ्यात लेकी-सुना, व्याही-विहिणी आणि नातवंडे जमली की पंगत न वाढता मध्ये एक मोठे ताट मांडायचे, असा प्रघात आम्ही आमच्या घरी पाडला आहे.

नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण अशी गोड मराठी नावे आपल्या इतर सणांना आहेत. शाबुओथला आमच्या घरात असे नाव नव्हते, आणि त्याचा म्हणून ठरलेला पदार्थही नव्हता. त्या दिवशी दुधाचे खावे एवढेच ठाऊक. आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत व शब्बाथ पाळीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आपला फराळ तेलात तळलेला आणि हलवा नारळाच्या दुधातला, कारण तो मटणाच्या जेवणानंतरही चालावा. वर्षभर मागे राहिलेल्या दुधादह्याला शाबुओथच्या दिवशी मान मिळतो.

म्हणून ताटाच्या मध्यभागी आम्ही श्रीखंडाचा वाडगा ठेवतो. इथले लबने चक्क्यासारखे दिसले तरी त्यात मीठ असते, ते घेऊ नये. एक किलो घट्ट, बिनमिठाचे दही फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये टांगावे. सुमारे अर्धा किलो चक्का निघतो. त्यात निम्म्याहून थोडी अधिक साखर, वेलची व दुधात खललेले केशर घालून तो सण लागण्यापूर्वीच तयार ठेवावा. वाड्याभोवती करंज्या, मग घारगे, मग फळे. खजूर, अंजीर, मनुका व जैतून हे देशाच्या सात पिकांपैकी. गहू करंजीच्या पारीत आलाच. चिवडा अगदी शेवटी काढावा, समुद्राकडच्या दमट हवेत तो लगेच मऊ पडतो.

आणखी एक सूचना. करंज्या-घारगे तेलात तळले असतील तर मटणाच्या जेवणासाठी त्यांचा वाटा आधीच काढून ठेवावा. एकदा ताटात चीज व श्रीखंडाशी त्यांची गाठ पडली की ते दुधाचेच झाले. मलिदा मात्र या ताटात मांडू नये. त्यातही पोहे, नारळ व फळेच असली तरी तो एलियाहू हन्नाबीच्या नावाने केलेल्या नवसाचा व आभाराचा आहे, येता-जाता उचलून खाण्याचा नव्हे.

आमची एक विहीण इराकी. ती चीज भरलेले संबुसक आणते. त्याचा आकार हुबेहूब करंजीचा, त्यामुळे नातवंडे ते उचलतात आणि आत खारट लागले की हसतात. दुसरी विहीण मोरोक्कोची, तिचे जैतून तिखट आणि लसणीचे. हे सारे एकाच ताटात येते.

पण काही घरांत आम्ही वेगळेच पाहतो. परक्या समाजाचे व्याही यायचे म्हटले की बेकरीतला चीजकेक टेबलावर येतो, आणि करंज्यांचा डबा स्वयंपाकघरातच राहतो. त्यांना आवडेल का, ते काय म्हणतील, ही धास्ती. वाचकहो, ही धास्ती आता कशाला? १९६२ सालापासून आपल्या लग्नांविषयी शंका काढल्या गेल्या, तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी ते निमूटपणे सोसले नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे यरुशलेमेत बायकामुलांसह धरणे धरून बसली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत असे जाहीर केले. आज आपल्या ताटाशी बसलेली विहीण हे त्या धरण्याचेच फळ आहे. तिच्यापासून करंजी लपवायची तर ती माणसे उन्हात बसली कशासाठी?

शाबुओथला आपण रूथचे पुस्तक वाचतो. मवाबाची ही सून सासूबरोबर जवाच्या कापणीच्या वेळी बेथलेहेमास आली. ती परक्या देशाची हे कोणी विसरले नाही. पुस्तकात तिला वारंवार मवाबी रूथ असेच म्हटले आहे. तरीही तिच्या वंशात दावीद राजा जन्मला. आपले गाव सांगूनही घरचे होता येते, एवढे त्यातून घ्यावे.

आमच्या नातवंडांना मराठीत सलग दोन वाक्ये बोलता येत नाहीत. पण ताट मांडताना आम्ही प्रत्येक पदार्थ त्यांच्या हातून ठेववितो आणि त्याचे नाव त्यांच्याकडून म्हणवून घेतो. करंजी, घारगा, चिवडा, श्रीखंड. चार शब्द झाले. पुढल्या वर्षी आणखी दोन घालू. विहिणीही आता तीच नावे घेऊन मागतात.

हाग सामेआख!