हात चालले की मन थाऱ्यावर

किनवट, २ मार्च २०२५, रविवार
दहावीचे पेपर चालू आहेत, वर्गाची कामं साचलीत आणि मोबाइल घडीभर गप्प बसत नाही. दुपारी वाकळ शिवायला आईची जुनी सुती लुगडी काढली. शेजारच्या काकूंनी अंगणात चटई अंथरली, थरावर थर पसरून कच्चे टाके घातले आणि कडेकडेनं आत धावदोरा कसा न्यायचा ते दाखवलं. "टाके मोजू नको बाई, सुई चालू दे," म्हणाल्या. वाकळीची एक कड होईस्तोवर सांज झाली. डोकं हलकं झालं होतं.

६ मार्च, गुरुवार
जेवणं झाली आणि तांड्याकडून डफ ऐकू आला. होळी जवळ आली की बंजारा तांड्यांत लेंगी सुरू होते. आम्ही मायलेकी जाऊन बसलो. एकानं ओळ धरायची, बाकीच्यांनी उचलायची, पाय फेरात पडत राहायचे. त्यांची गोरमाटी बोली मला थोडीच कळते, पण ठेका कळला. एका आजींनी लेकीला हाताला धरून फेरात ओढलं. घरी आल्यावरही ती ताटावर तोच ठेका वाजवत होती.

९ मार्च, रविवार
इस्लापूरजवळ सहस्रकुंड धबधब्याला गेलो. पैनगंगेच्या या काठाला मराठवाडा, त्या काठाला विदर्भ. पावसाळ्यात धो धो कोसळणारं पाणी आता ओसरलंय, म्हणून काळा खडक उघडा दिसतो, पाण्यानं घासून गुळगुळीत केलेला. वहीत पेन्सिलीनं एकच कडा काढला. रेघ ओढायची तर नीट बघावं लागतं. इतक्या निवांतपणे मी कशाकडे कधी बघितलं होतं?

१३ मार्च, गुरुवार, होळी
बांधावरच्या पळसाखाली पडलेली फुलं काल वेचून रात्रभर भिजत घातली होती. सकाळी उकळून गाळली तर केशरी-पिवळं पाणी निघालं. उद्या धुळवडीला पोरांच्या अंगावर हेच. उरलेल्या फुलांच्या दाट रंगात वाकळीच्या काठाची पांढरी पट्टी बुडवली. रंग धरावा म्हणून ती आधी तुरटीच्या पाण्यात भिजवली होती. एका वाटीत चिमूटभर चुना टाकून बघितला, रंग एकदम गडद झाला. लेक टाळ्या पिटत होती.

१६ मार्च, रविवार
आज टाके घालता घालता काकू जात्यावरच्या ओव्या म्हणू लागल्या. सुई बाजूला ठेवून वहीत उतरवून घेतल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आपल्या बीडच्या माजलगावातल्याही त्यांत आहेत. दळताना बायकांनी मन मोकळं केलं ते गाण्यातून, आणि हात तेव्हा कामातच होते. मला वाटतं, माणसाला धीर येतो तो असाच. त्यासाठी लांब जावं लागत नाही, पैसाही लागत नाही. जुनं लुगडं, बांधावरची फुलं, नदीचा काठ आणि शिकवणारं एक वडीलधारं माणूस एवढं पुरतं.
पेपर संपले की वर्गातल्या मुलांना सांगणार आहे: आजीच्या दोन ओव्या लिहून आणा, आणि एक टाका शिकून या. मुलींनीही, मुलांनीही.