शत्रूला सांगितलेलें सत्य

सत्य बोलणें हें धर्माचें काम आणि फसविणें हें युद्धाचें, अशी सोयीची वांटणी आपण करून ठेवली आहे. अश्वत्थाम्याची अर्धवट वार्ता सांगतांच धर्मराजाचा अधांतरीं चालणारा रथ भुईला टेकला, ही कथा आपण लहानपणींच ऐकलेली असते. त्यामुळें दुसऱ्या महायुद्धांत सैन्याच्या एका शाखेनें खरें बोलणें हेंच आपलें हत्यार ठरविलें, हें वाचून मला प्रथम मौज वाटली.

ही शाखा म्हणजे जनरल आयसेनहॉवर यांच्या सेनाकचेरीचा मानसशास्त्रीय युद्धविभाग. १९४४ सालीं इंग्रज व अमेरिकन मिळून तो चालवूं लागले. ब्रिगेडियर जनरल रॉबर्ट मॅक्‌क्लुअर हे त्याचे प्रमुख; त्यांच्या साहाय्यकांत रिचर्ड क्रॉसमन हे ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान शिकविलेले, १९३७ सालीं प्लेटोवर ग्रंथ लिहिलेले गृहस्थ होते. विमानांतून टाकावयाचीं पत्रकें, नभोवाणी आणि ध्वनिक्षेपक हीच यांची शस्त्रसामग्री. याच काळांत ब्रिटनच्या दुसऱ्या एका खात्यांत सेफ्टन डेल्मर जर्मन असल्याची बतावणी करणारें नभोवाणीकेंद्र चालवीत होते. परंतु स्वतःच्या नांवानें छापलेल्या पत्रकांना असें सोंग परवडणारें नव्हतें. एकदां खोटें उघडकीस आलें कीं पुढचें पत्रक कोण वाचणार?

पण खरें बोलणें वाटतें तितकें सोपें नाहीं. अमेरिकेंतील जर्मन युद्धकैद्यांना न्याहारीस अंडीं मिळत. गोष्ट अगदीं खरी. परंतु वर्षानुवर्षें ओढगस्त सोसलेल्या जर्मन शिपायाला ती शुद्ध थाप वाटे. पत्रक लिहिणाऱ्यांना ती वगळणेंच शहाणपणाचें वाटलें. तर्कशास्त्र शिकवितांना सत्य आणि पटण्याजोगें यांतील भेद मी फळ्यावर दोन वर्तुळें काढून दाखवितों. पण ऐकणाऱ्याच्या पोटांत भूक किती, हें त्या वर्तुळांत कोठेंच येत नाहीं.

या विभागाचें सर्वांत गाजलेलें पत्रक म्हणजे शरण येणाऱ्यासाठीं छापलेला परवाना. चलनी नोटेसारखी नक्षी, दोन्ही राष्ट्रांचीं चिन्हें, खालीं आयसेनहॉवरची सही. सरकारी कागदाला मान देणाऱ्या शिपायाच्या डोळ्यांत भरावा असाच त्याचा थाट होता. जर्मन मजकुराबरोबर इंग्रजी मजकूरहि त्यावर असे. तो दोस्तांच्याच पहारेकऱ्याला हुकूम होता: याचें शस्त्र काढून घ्या, अन्न द्या, लागेल तें औषधपाणी करा, धोक्याच्या जागेंतून लौकर हलवा.

मला त्या कागदाचें खरें मर्म येथें दिसतें. तो वाचणारा एक शिपाई जीव मुठींत धरून हात वर करून येणार. दुसरा, कदाचित् कालच आपला सोबती गमावलेला, बंदूक रोखून उभा असणार. छापलेलें वचन खरें कीं खोटें, हें ठरविणें या दुसऱ्याच्या हातीं. त्यानें चाप ओढला, तर ऑक्सफर्डची सारी विद्वत्ता व्यर्थ!

१९४५ सालीं युद्ध संपलें आणि विभागहि मोडला. जिंकण्याच्या हेतूनें सांगितलेल्या सत्याला सत्य म्हणावें काय, असें एखादा चाणाक्ष विद्यार्थी मला विचारील. मी त्याला इतकेंच सांगेन, कीं त्या सत्याचा भार बोलणाऱ्यानें आपल्याहि शिरावर घेतला होता काय, तें आधीं पाहा. परवान्यावरच्या त्या इंग्रजी ओळी नसत्या, तर माझें उत्तर निराळें असतें.